पाटथरच्या हवेचा खुलासा

त्या मंगळवारी दुपारी पावणेदोनला मला पुण्याहून फोन आला. बाई म्हणाल्या, "घाडी का? पाटथर केंद्राची पेटी चाळीस मिनिटं उघडी दाखवतेय. मॅडमना बंद करायला सांगता का? बाटल्या उन्हात तापतील."

मी जेवायचा थांबलो होतो. बाटल्या भरायच्या मंगळवारी माझी बायको सुचिता सड्यावरून खाली आली की आम्ही एकत्र जेवायचो. मला तिचाच राग आला. पेटी उघडी टाकून कुणाशी तरी बोलत बसली असेल, असं वाटलं. भाताच्या टोपावर झाकण ठेवलं, चप्पल घातली आणि निघालो.

आमचं गाव खाली आणि सडा वर. सडा म्हणजे कातळाचं माळरान. वीस मिनिटांची चढण आहे. वर झाड नाही, सावली नाही. पश्चिमेच्या टोकाला सड्याची कड आणि तिच्याखाली समुद्र. त्या कडेवर केंद्राचा खांब आहे.

ती खांबाला टेकून बसली होती. डोक्यावरचा रुमाल नीट होता. पेटी शेजारी होती. दोन्ही बाटल्या आपापल्या खाचेत होत्या, तोट्या घट्ट बंद होत्या, चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. फक्त पेटीचं झाकण लावायचं राहिलं होतं. मी आधी झाकण लावलं. का लावलं ते मला आजही सांगता येत नाही. मग तिला हाक मारली, आणि मग हात लावला.

देवगडचे डॉक्टर म्हणाले, हृदय. बरेच महिने त्रास असणार. त्यांनी विचारलं, "काही बोलल्या नव्हत्या?" मी नाही म्हणालो. त्या वेळी मला ते खरं वाटत होतं.

मी दिगंबर घाडी. वीज खात्यात वायरमन होतो, आता निवृत्त आहे. मला विज्ञान शिकवायचा अधिकार नाही. पण सुचिता नऊ वर्षं हे काम करत होती आणि तिने मला सांगितलेलं जेवढं आठवतं, तेवढं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पूर्वी प्रत्येक देश आपण किती धूर सोडतो ते स्वतःच कागदावर लिहून द्यायचा. कुणी कमी लिहायचा, कुणी लिहायचाच नाही, आणि एकमेकांवर कुणाचा विश्वास नव्हता. मग एक यंत्र निघालं. त्याला उगममापक म्हणतात. बाटलीभर हवा दिली की त्यातला कोळशाचा वायू किती, भाताच्या खाचरातला किती, गुरांचा किती, हे ते वेगवेगळं सांगतं. कोळसा कोट्यवधी वर्षांचा जुना, त्यामुळे त्यातल्या कार्बनमधला किरणोत्सारी भाग कधीच संपून गेलेला असतो. यंदाच्या भातातला तो अजून शिल्लक असतो. यंत्र तो फरक ओळखतं, आणि असे बरेच फरक ओळखतं.

यंत्र निघालं तेव्हा करार झाला. त्याचा मुख्य नियम असा, की आपली हवा आपण मोजायची नाही. आपली हवा उरुग्वे देशात जाते. उरुग्वेची केनियात जाते. केनियाची आणखी कुठे. जागेवर यंत्र बसवलं तर कुणीतरी त्यात हात घालेल, म्हणून हवाच पाठवायची, काचेच्या बाटलीत, हाताने भरून. महिन्यातून एका मंगळवारी, प्रत्येक वेळी दोन बाटल्या. दोन्हींचं मोजमाप जुळलं तरच जोडी मान्य, नाहीतर नाकारली.

पाटथरला समुद्रावरून येणारी हवा मिळते. ती देशात शिरण्याआधीची हवा. देशाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडणारी हवा भरतात. दोन्हींतला फरक म्हणजे आपण घातलेली भर. पाटथरचा आकडा नसला तर बाहेरून आलेला धूरही आपल्याच नावावर लागतो. मग बाकीचे देश म्हणतात, तुम्ही शब्द मोडलात, आता आम्हीही मोडतो. सुचिता म्हणायची, एवढा मोठा करार, आणि तो माझ्या चार तोट्यांवर उभा आहे. ती हे गमतीने म्हणायची. पण तोट्या दोनदा तपासायची.

गावात तिला बाटलीवाली म्हणत. दुकानदार आपा चिंदरकर एकदा माझ्यासमोर म्हणाला, "काय रे दिगंबर, रिकामी बाटली येता, रिकामीच परत जाता. मग तुझ्या बायलेक पगार कशाक देतत?"

सुचिता म्हणाली, "आपानू, तुमचा डोक्या पण रिकामाच आसा, तरी तेच्यार टोपी घालतास मा?"

आपा तिच्या बाराव्याला आला तेव्हा त्याने टोपी काढून हातात धरली होती.  

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट शेवटची आहे. नळी खांबाच्या टोकापर्यंत गेलेली असते. हातपंपाने दहा मिनिटं हवा खेळवायची. दुपारी वारा समुद्राकडून फिरला की दूर जाऊन मोठा श्वास घ्यायचा, तो रोखून पेटीजवळ यायचं, दोन्ही बाटल्यांच्या चारही तोट्या बंद करायच्या, आणि परत दूर जाऊन मगच श्वास सोडायचा. चाळीस सेकंद लागतात. माणसाच्या एका उच्छ्वासात आजूबाजूच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट कार्बन वायू असतो. तेवढ्याने बाटली बिघडते.

त्यांच्या पुस्तिकेत या पायरीला "दम धरा" असं लिहिलं होतं. कुणीतरी कुठल्यातरी भाषेतून भाषांतर केलं होतं. पहिल्या शिबिरात शिकवणारे सर म्हणाले, "आता दम धरा," आणि किनाऱ्यावरच्या बारा बायका शांत उभ्या राहिल्या. श्वास चालू ठेवून. सर पुढे काय सांगतात त्याची वाट बघत. सर पुन्हा म्हणाले, "अहो, दम धरा!" एक बाई म्हणाली, "सर, धरलाच आहे की. तुम्हीच घाई करताय."

हे सांगताना सुचिता इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून त्या सगळ्या जणी श्वासाला दमच म्हणत. नोंदवहीतसुद्धा.

ती नोंदवही मी तिच्या बाराव्यानंतर उघडली. त्याआधी नऊ वर्षांत कधी उघडली नव्हती. तिचं काम तिचं, माझं माझं, असं आमचं होतं. वहीत एक घडी केलेला कागद होता. वर लिहिलं होतं, कारणे दाखवा.

"आपल्या केंद्राच्या सलग सहा जोड्यांमध्ये मानवी श्वास आढळला आहे. श्वास रोखण्यात हयगय होत असल्याचे दिसते. तीस दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. सातवी जोडी नाकारली गेल्यास केंद्राचे वर्ष रद्द समजले जाईल."

तारीख ती गेली त्याच्या आठ दिवस आधीची. मला तिने दाखवला नव्हता. कागदामागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "खुलासा." त्याखाली काही नाही.

तेव्हा मला आठवलं. त्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात घड्याळासमोर गाल फुगवून उभी असायची. मी म्हणालो होतो, "काय गो, पाणबुडी होतलंस काय?"

तिने श्वास सोडला, ओट्याला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पस्तीसच होतत. चाळीस होवक व्हये."

मी हसलो होतो. ती नाही हसली.

चार दिवसांनी पुण्याच्या कार्यालयातून शर्वरी आमोणकर आल्या. पेटी उघडी आहे म्हणून फोन करणाऱ्या त्याच. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. आल्या त्या थेट आत येऊन सुचिताच्या फोटोसमोर बसल्या. चहा घेतला नाही, पाणी घेतलं.

"काका, आमचा माणूस घेऊन गेला त्या शेवटच्या दोन बाटल्या उरुग्वेला पोचल्यात," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी उघडल्या नाहीत. तुमची परवानगी लागते."

"हवेला माझी परवानगी?"

"हवेला नाही. श्वासाला. हे यंत्र फार बारीक बघतं काका. श्वासातून माणसाचा आजारही कळतो. म्हणून करारात कलम आहे. नमुन्यात श्वास सापडला तर तो श्वास आहे एवढंच म्हणायचं, पुढचं वाचायचं नाही. तो त्या माणसाचा. आणि माणूस गेलं असेल तर घरच्यांचा."

मी विचारलं, "आजार कळतो म्हणजे? हृदयाचा?"

 त्या म्हणाल्या, "हृदय कमजोर झालं की श्वासात ॲसिटोन वाढतं. नखांचं पॉलिश काढायचं औषध असतं ना, त्यातला पदार्थ. यंत्राला तो दिसतो."

"म्हणजे त्या सहा जोड्यांत दिसला असणार."

"यंत्राला दिसला असेल. माणसाला दाखवायची बंदी आहे."

"आणि त्या बाटल्या कुठे आहेत?"

"मोजून झाल्या काका. हवा संपते मोजताना. बाटल्या धुऊन पुन्हा वापरात जातात."

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. रागावायचं कुणावर ते कळेना. कलम चुकीचं म्हणावं तर उद्या माझ्याच श्वासातून कुणी काहीबाही वाचून मला कामावरून काढलं असतं. बरोबर म्हणावं तर सुचिता गेली होती. मी नोंदवही त्यांच्या पुढे ठेवली. ती गेली त्याआधीच्या सहा मंगळवारांच्या शेऱ्याच्या रकान्यात तिच्या अक्षरात एकच वाक्य होतं. दम लागतो. दम लागतो. दम लागतो. सहा वेळा.

"हे तरी तिथे कुणी वाचलं होतं?" मी विचारलं.

"वाचलं," आमोणकर म्हणाल्या. त्या खाली बघत होत्या. "शेरे आपोआप भाषांतर होऊन जातात. त्यांच्याकडे ते 'जोर लागतो' असं पोचलं. त्यांना वाटलं, पंप जड चालतोय. म्हणून तर त्यांनी नवीन पंप पाठवला."

तो पंप मीच बसवला होता. फेब्रुवारीत विमानाने आला. सुंदर हलका पंप होता, दांड्याला रबर लावलेलं. आत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, "तुमचे हात दुखू नयेत." सुचिताने ती चिठ्ठी देव्हाऱ्याजवळ ठेवली होती. ती म्हणाली होती, "कोण कुठली माणसा, पण बघा काळजी." मी पाना घेऊन पंप बसवला, चालवून बघितला आणि म्हणालो, झकास. तिला दम लागत होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पंप बदलला.

वहीतली शेवटची ओळ त्या मंगळवारची होती. वेळ एक वाजून दोन मिनिटं. वारा पश्चिम-वायव्य. शेरा या रकान्यात एकच शब्द. "दम". पुढे काही नाही.

आमोणकरांनी त्यावर बोट ठेवलं. "लागतो लिहायचं राहिलं असेल."

"किंवा धरला," मी म्हणालो.

आम्ही दोघं त्या शब्दाकडे बघत बसलो.

त्यांनी मग मला सरळ सांगितलं. बाटल्या न उघडता परत मिळू शकतात. तो माझा हक्क आहे. पण मग सातवी जोडी गेली असं धरलं जाईल आणि पाटथरचं वर्ष रद्द होईल. उघडल्या आणि श्वास निघाला तरी वर्ष रद्दच. उघडल्या आणि हवा स्वच्छ निघाली तरच वर्ष वाचेल.

"दोनांतली एक उघडा, एक मला द्या," मी म्हणालो.

"जोडी लागते काका. दोन्ही किंवा एकही नाही."

त्या परवानगीचा फॉर्म ठेवून गेल्या आणि मी पाच दिवस तो टेबलावर ठेवून वावरलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्या बाटल्यांत तिचा श्वास असेल. शेवटचा नसेल, पण शेवटच्या काही मिनिटांतला. जगात तिचं दुसरं काही असं राहिलेलं नव्हतं. फोटो आहेत, साड्या आहेत, पण श्वास दुसरीकडे कुठे आहे? बाटली मी कपाटात ठेवली असती. उघडली नसती. नुसती ठेवली असती.

दुसरीकडे असंही वाटायचं, की ती तोट्या दोनदा का तपासायची? मी ती कपाटात ठेवावी म्हणून?

आपाला विचारलं. खरं तर विचारायला दुसरं कुणी नव्हतं.  तो म्हणाला, "दिगंबर, माका त्यातला काय कळत नाय. पण ती माझ्याशी भांडान बोलायची, की बाटली रिकामी नसता म्हणान. आता तू ती कपाटात ठेवलंस तर ती रिकामीच रवली मा?"

मी त्याला म्हटलं, "तुका काय कळता?" आणि उठून आलो. घरी आल्यावर सही केली. पटलं म्हणून केली असं नाही. पाच दिवस झाले होते आणि बाटल्या उघडायची मुदत सहाव्या दिवशी संपत होती.

मी एक अट घातली, मला बघायचंय. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आमोणकरांनी पडद्यावर जोडून दिलं. तिथे सकाळचे साडेनऊ होते. पांढऱ्या कोटातली एक बाई समोर आली. वय सुचिताएवढंच असेल. नाव मार्ता. ती तिच्या भाषेत बोलायची आणि खाली मराठी अक्षरं उमटायची.

"श्री. घाडी, पंपाची चिठ्ठी मी लिहिली होती," अक्षरं म्हणाली. "मला आता कळलं आहे. मला क्षमा करा."

मी म्हणालो, "तुमची चूक नाही. घरात मराठीत सांगितलेलं आम्हालाही कळलं नाही."

हे माझ्या तोंडून गेलं तेव्हा मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. कारण सुचिताने मला खरंच सांगितलं होतं. जानेवारीत. चुलीपाशी बसून ती म्हणाली होती, "माका सड्यार चढताना दम लागता हो."

आणि मी म्हणालो होतो, "सड्यार चढताना सगळ्यांकच दम लागता गो. वाईच बसत जा मधी."

डॉक्टरांना मी नाही म्हणून सांगितलं होतं.

मार्ताने पहिली बाटली उचलली. चिठ्ठीवर सुचिताचं अक्षर दिसलं. मी थांबा म्हणणार होतो. म्हटलं नाही. तिने बाटली यंत्राला जोडली आणि तोटी फिरवली. काही आवाज नाही, काही नाही. एक काटा हलावा तशी पडद्यावर रेघ हलली. मग दुसरी बाटली. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली.

मार्ता आकड्यांकडे बघत राहिली. तिने पुन्हा एकदा बघितलं. मग ती बोलली आणि अक्षरं आली.

"श्वास नाही."

"नाही म्हणजे?" मी विचारलं.

"दोन्हींत नाही. अजिबात नाही. दोन्ही जुळतात. या वर्षी आमच्याकडे आलेली सगळ्यात स्वच्छ जोडी आहे. तिने पूर्ण वेळ श्वास धरून ठेवला होता."

आमोणकर शेजारच्या चौकोनात रडत होत्या. मार्ताने मान खाली घातली होती.  मी ज्याच्यासाठी पाच दिवस नीट जेवलो नव्हतो ते त्या बाटल्यांत नव्हतंच. तिथे समुद्रावरची हवा होती. तिचा श्वास आधीच्या सहा जोड्यांत होता, ज्या नाकारल्या गेल्या आणि धुतल्या गेल्या.

वहीतला शब्द तेव्हा पुरा झाला असं आमोणकर म्हणाल्या. दम धरला. मला तसं म्हणवत नाही. कमजोर हृदयाच्या बाईने चढण चढून, उन्हात, चाळीस सेकंद श्वास धरला, कारण तिला कागद आला होता की तुम्ही हयगय करता. तिने धरला म्हणून करार वाचला. तिने धरला म्हणून ती गेली का, ते मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मला अभिमान वाटावा असं सगळे म्हणतात. वाटतोही. आणि त्याच वेळी असं वाटतं, की एकदाच धरला नसता, सोडला असता, बिघडली असती बाटली, तर काय झालं असतं?

वर्ष वाचलं. पाटथरचा आकडा धरला गेला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्यात आपल्या देशाने शब्द पाळला असं होतं. आपाने तो तुकडा कापून दुकानात लावला आहे.

पुस्तिका बदलली. आता त्यात "श्वास रोखा" असं आहे. शेऱ्यात दम हा शब्द आला तर भाषांतर थांबतं आणि माणूस फोन करतो. कलमावर बोलणी चालू आहेत. एकशे नव्वद देश आहेत, वेळ लागेल असं आमोणकर म्हणतात.

मंगळवारी आता मी जातो. दुसरं कुणी मिळेपर्यंत. पहिल्या दिवशी दूर गेलो, मोठा श्वास घेतला, पेटीजवळ आलो आणि खांब दिसला. ती जोडी नाकारली गेली. रडताना श्वास धरता येत नाही, हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही. दुसऱ्या खेपेला जमलं.

एक गोष्ट राहिली आहे. सुचिताला आलेली नोटीस अजून उघडीच आहे. ती माणसाच्या नावावर नाही, केंद्राच्या नावावर आहे, त्यामुळे आपोआप मिटत नाही. आमोणकरांनी मुदत वाढवून घेतली आणि म्हणाल्या, "काका, दोन ओळी लिहून द्या. श्वास का आढळला, एवढंच." मी तिचाच कागद घेऊन बसतो. मागे तिने पेन्सिलीने "खुलासा" लिहिलं आहे. त्याखाली काय लिहायचं ते मला माहीत आहे. तिला दम लागत होता आणि तिने ते मला सांगितलं होतं.

मुदत येत्या सोमवारी संपते. कागद अजून कोरा आहे.